काटेरी हलवा घरी करायचाय, आजीच्या वहीत 'पाक बेताचा' एवढंच लिहिलंय, मदत करा!

कैरीपन्हं
३ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी नुसती वाचत असते, पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. भाच्याचं पहिलं बोरन्हाण आहे, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आणि मी घरच्या ग्रुपवर उत्साहाच्या भरात 'हलवा यंदा मी घरी करणार' असं टाकून मोकळी झाले. सतरा जणांचे बदाम आलेत त्यावर. आता माघार नाही.

पार्श्वभूमी अशी की आमची आजी (बाबांची आई) वाईला असायची आणि दर जानेवारीत तिच्याकडे हलव्याचा कारखानाच असायचा. कल्हईची परात, कोळशाची शेगडी, त्यावर राख पसरलेली, आणि आजी पहाटे चारला उठून शाल गुंडाळून बसलेली. आम्ही पोरं उठेपर्यंत तिची एक पाळी झालेली असायची. परातीतून येणारा तो आवाज अजून कानात आहे, कोरड्या वाळूत हात फिरवल्यासारखा. आजी जाऊन बारा वर्षं झाली, त्यानंतर घरात हलवा विकतचाच. मागच्या वर्षी वहिनीच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने मागवले होते, कुठून ते सांगत नाही, तर डबा उघडल्यावर हलव्याच्या आधी ग्लू गनचा वास आला आणि नथ वाटेतच वितळून कंबरपट्ट्याला चिकटलेली. वहिनी बिचारी काही बोलली नाही, पण फोटोत बघा, नथ नाहीये.

आजीची वही आईकडे होती, ती आणलीय. हलव्याची अख्खी कृती खाली जशीच्या तशी देते:

'तीळ धुवून वाळवून. साखर पांढरी बघून. पाक बेताचा. हात हलका. कोणाशी बोलू नये. तिसऱ्या दिवशी काटा.'

बस. एवढंच. गूळपोळीला मात्र दीड पान आहे!

काल पहिला प्रयत्न केला. नॉनस्टिक कढई, पाव वाटी तीळ, पाकाचे तीन डाव एकदम घातले. तिळाचा एक गोळा झाला, तो कढईतून काढला तेव्हा कढईचा आकार घेऊन आला. नवरा म्हणाला टोपी छान झालीय.

तर प्रश्न: १) बेताचा म्हणजे किती? २) डोंबिवलीच्या हवेत काटा येतो का? ३) कोणाशी बोलू नये हे काय प्रकरण आहे??

---

चहाबाज
४ जानेवारी, सकाळी ७:१२

वडी होता होता टोपी झाली =)) फोटो टाका, फोटोशिवाय धागा फाऊल धरण्यात येईल.

३ बद्दल: तिळगूळ घ्या गोड बोला म्हणायचं आणि तो करताना मात्र कोणाशी बोलायचं नाही. आजी थोर होत्या.

---

गोदाकाठ
४ जानेवारी, सकाळी ९:५०

अगं कैरी, तीन डाव म्हणजे तू हलवा नाही, अंघोळ घातलीस तिळाला. एका वेळी चहाचा एक चमचा पाक. एकच. आणि तो सगळ्या दाण्यांना लागून पूर्ण सुकेपर्यंत दुसरा चमचा नाही म्हणजे नाही.

मी नाशिकला गेली तीस एक वर्षं करतेय, सासूबाईंकडून शिकले, त्यांचीही वही नव्हती, त्या नुसतं 'बघ' म्हणायच्या. तरी माझ्या पद्धतीनं सांगते.

पाव वाटी तीळ असतील तर दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी. पण सगळी साखर एका दिवशी लागत नाही, थोडाथोडा पाक रोज ताजा करायचा. उकळी आली की चमचाभर दूध टाकायचं, मळी वर येते, ती काढून टाकायची आणि पाक कपड्यातून गाळून घ्यायचा. ही मळी काढली नाहीस तर हलवा पांढरा होत नाही, पिवळट मातकट दिसतो. पाक एकतारीच्या किंचित अलीकडे, बोटात धरून ओढलं की तार धरतेय धरतेय म्हणेपर्यंत तुटली पाहिजे. हाच तुझ्या आजीचा बेत. घट्ट झाला तर दाण्याला बसायच्या आधीच त्याची पिठी होते आणि पातळ राहिला तर आधी बसलेली साखर विरघळवतो, म्हणजे कालची मेहनत आज पाण्यात.

पाकाची वाटी गरम पाण्यात ठेवायची म्हणजे थिजत नाही. परात पितळी कल्हईची असेल तर उत्तम, नाहीतर जाड बुडाची स्टीलची. नॉनस्टिक बाद! गॅस असेल तर खाली तवा आणि तव्यावर परात, आच अगदी मंद. परातीला हात लावून धरता आला पाहिजे, चटका बसला की आच जास्त. बोटांनीच हलवायचं, उलथन्यानं नाही. गोल गोल, हलक्या हातानं, दाणे एकमेकांवरून लोळले पाहिजेत. चिरडायचं नाही. बोटांना चटके बसतात म्हणून सासूबाई मऊ जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायच्या.

मधे मधे परातीच्या बुडाला साखर धरते. तशीच ठेवलीस तर ती करपते आणि दाण्यांना तिचे कण लागतात. तेव्हा हलवा दुसऱ्या ताटात काढ, चाळणीनं पिठी चाळून टाक, परात धुवून पूर्ण कोरडी कर आणि मग पुढे. मला एका बैठकीत दोनतीनदा करावं लागतं.

पहिले दोन दिवस काटा शोधू नकोस. दाणा नुसता पांढरा आणि गुबगुबीत होतो. काटा तिसऱ्या दिवशी, ते आजीनं बरोबर लिहिलंय. पंखा बंद!

---

तर्कटराव
४ जानेवारी, दुपारी १:०५

तीन दिवस पहाटे उठून साखरेवर साखर चढवायची, आणि शेवटी ती बाळाच्या डोक्यावर ओतून फरशीवर पायाखाली जाणार. बाजारात किलोनं मिळतो. हे म्हणजे स्वतःचं मीठ स्वतः आगरात पिकवण्यापैकी आहे. असो, हौसेला मोल नाही.

---

सांजवात
४ जानेवारी, दुपारी १:३०

@तर्कटराव, तुम्हाला कोणी हलवायला सांगितलंय का? :)

---

निवृत्त_केमिस्ट
४ जानेवारी, रात्री ८:२०

गोदाकाठ ताईंचा प्रतिसाद वाचून उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यात थोडी शास्त्राची भर घालतो, आयुष्य साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेलंय, सवय जात नाही.

बरेच जण पाकात लिंबू पिळतात, मळी निघते आणि पाक थिजत नाही म्हणून. गुलाबजामाला ठीक आहे. हलव्याला तेच नडतं. आंबटपणामुळे साखरेचं थोडं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि ते स्फटिक बनू देत नाहीत. गुलाबजामाच्या पाकाची साखर होऊ नये हीच आपली इच्छा असते. हलव्यात उलट, आपल्याला स्फटिकच हवेत, काटा म्हणजे दुसरं काय? म्हणून दूधच बरं.

आता काटा का येतो. दाणा कधीच शंभर टक्के गोल नसतो, कुठेतरी बारीकसा उंचवटा असतोच. परातीत लोळताना पाकाच्या ओल्या पापुद्र्याला आधी टेकतो तो उंचवटा. तिथे थोडी साखर जास्त बसते, म्हणजे तो अजून उंच होतो, म्हणजे पुढच्या चमच्याला तोच आधी टेकतो. श्रीमंत जास्त श्रीमंत होतात तसं. खळगा खळगाच राहतो. पण यासाठी अट एकच, पाक कमी हवा. जास्त घातला की खळगेही भरतात आणि दाणा गुळगुळीत गोटी होतो. आणि जोरात हलवलं तर आलेले काटे एकमेकांवर घासून झिजतात, म्हणून 'हात हलका'. तुमच्या आजींच्या कृतीत एक शब्द जादा नाहीये हो.

डोंबिवलीबद्दल: दमट हवेत पाण्याची वाफ उडायला वेळ लागतो, पाक ओला राहतो, दाणे चिकटतात. वाईच्या जानेवारीतल्या पहाटेशी बरोबरी होणार नाही. बेडरूममध्ये एसी लावून करून बघा. गंमत नाही करत, एसी हवेतलं पाणी काढतो. फक्त झोत परातीवर नको.

---

कैरीपन्हं
५ जानेवारी, रात्री १२:१५

दंडवत घ्या दोघांनीही ___/\___ इतकं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. वाचनखूण तर साठवलीच, प्रिंट पण काढली.

आज आईकडून परात आणली, कोपऱ्यातल्या कल्हईवाल्याकडे जाऊन कल्हई करून घेतली (हो, आमच्याकडे अजून एक जण येतो, गुरुवारी आणि रविवारी). उद्या पहाटे एसी लावून बेडरूममध्ये गॅसची छोटी शेगडी नेणार होते पण नवऱ्यानं बंद खोलीत गॅस म्हणल्यावर हात जोडले, बरोबरच आहे त्याचं. मग इंडक्शन.

तीळ भाजायचे का? वहीत नाहीये.

---

गोदाकाठ
५ जानेवारी, सकाळी ८:४०

नुसते शेक दाखव. भाजलेस तर तेल सुटतं आणि तेलावर साखर धरत नाही. आणि ऐक, पहिल्यांदाच करतेयस तर निम्मे तीळ आणि निम्मा साबुदाणा वेगवेगळा कर. साबुदाण्याचा दाणा मोठा, गोल, लवकर रूप येतं. तीळ चपटा, तो आधी फुगायला हवा, तोपर्यंत नवशिका माणूस कंटाळतो.

इंडक्शनला पितळी परात चालणार नाही गं. वर लोखंडी तवा ठेव आणि त्यावर परात.

---

अबोली_बेळगाव
५ जानेवारी, सकाळी ११:००

आमच्याकडे बेळगाव-धारवाडकडे यालाच कुसुरेळ्ळू म्हणतात, कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. माझी आई कोकणस्थ, सासर कानडी, त्यामुळे संक्रांतीला दोन्हीकडून वाटी येते. सासूबाई तीळ, साबुदाणा, खसखस, डाळं, लवंग, मगज बी, शेंगदाणे असं सगळं करायच्या. लवंगेचा हलवा तोंडात टाकला की आधी गोड, मग जीभ भाजते, लहानपणी आम्ही पाहुण्यांच्या पोरांना मुद्दाम तोच द्यायचो. खसखशीचा सगळ्यात कठीण, दाणा एवढासा, पण झाला की मोहरीएवढे काटेरी मोती दिसतात.

आणि म्हैसूरकडे साखरेच्या साच्यातल्या बाहुल्या करतात, सक्करे अच्चु, हत्ती घोडे तुळशीवृंदावन वगैरे. आपल्याकडे पाडव्याला गुढीला साखरेची गाठी बांधतो तसाच साच्याचा प्रकार.

---

बर्फातला_पुणेकर
५ जानेवारी, रात्री १०:०५

मिनेसोटाहून हजेरी. इथे बाहेर उणे वीस आणि घरात चोवीस तास हीटर, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की शॉक बसतो. आणि हलवा असा येतो म्हणून सांगू! आईनं पुण्यात उभ्या आयुष्यात काढला नसेल असा काटा मी दुसऱ्याच दिवशी काढलाय. आईला व्हिडिओवर दाखवला तर म्हणाली साखर कुठली आहे? म्हणजे श्रेय साखरेला.

अडचण उलटी आहे, पाक चमच्यातच थिजतो. वाटी गरम पाण्यात ठेवण्याची टिप त्यासाठी सोन्याची. माझ्याकडे कँडीचं थर्मामीटर आहे, साधारण १०४-१०५ अंश सेल्सिअसला मी पाक उतरवतो, ज्यांना तार कळत नाही त्यांच्यासाठी सांगतोय.

इथे डिसेंबरभर शेजारी पाजारी फज आणि कॅरॅमल करून डबे भरभरून वाटतात, घरोघरी तोच उद्योग. आम्ही ते खातो आणि तीन आठवड्यांनी आमचा डबा जातो. समोरच्या आजीबाई, नॉर्वेच्या वंशाच्या, पहिल्या वर्षी त्यांनी हलवा कपाटात शोभेला ठेवला होता, दागिना समजून. मुली दोघी रोज अर्धा तास हलवतात, त्याहून जास्त नाही, मग आयपॅड.

---

ओसाकावासी
६ जानेवारी, पहाटे ५:३०

इथे जपानात अगदी असाच प्रकार मिळतो, कोनपेइतो. पहिल्यांदा दुकानात पाहिला तेव्हा मी मोठ्यानं 'हलवा!' म्हणून ओरडले होते, दुकानदार बाई दचकल्या. शब्द पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आलाय. १५६९ साली लुईश फ्रॉइश नावाच्या पाद्र्यानं ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून ही मिठाई भेट दिली होती. पूर्वी आत खसखशीचा दाणा असायचा, आता जाड साखरेचा कण असतो. तिरक्या फिरणाऱ्या मोठ्या लोखंडी कढईत पाक शिंपडत शिंपडत करतात आणि दोन आठवड्यांच्या वर लागतात. म्हणजे आपले तीन दिवस काहीच नाहीत कैरी, धीर धर!

आणि काटे का येतात यावर इथल्या तेरादा तोराहिको नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं सुद्धा डोकं खपवलं होतं. भूकंपासाठी घरात जे आपत्कालीन बिस्किटांचे डबे ठेवतात ना, त्यातही मूठभर कोनपेइतो असतो, कोरडी बिस्किटं खाताना तोंडाला पाणी सुटावं म्हणून.

---

चहाबाज
६ जानेवारी, सकाळी ७:०१

भूकंपाच्या डब्यात हलवा. धागा पैसा वसूल.

---

कैरीपन्हं
७ जानेवारी, सकाळी ६:५५

अपडेट. दुसरा दिवस. पहाटे साडेचारला उठते, एसी २४ वर ड्राय मोड, पाय गारठतात आणि बोटं भाजतात. काल साबुदाण्याला एकवीस चमचे पाक झाला (मोजले, दुसरं करण्यासारखं काही नसतं). दाणा पांढरा झालाय, खडूसारखा. काटा नाही. तिळाचे आठ दहा जुळे-तिळे झालेत, एकमेकांना चिकटून, ते वेगळे काढून ठेवलेत.

एक गोष्ट लक्षात आली. पाक घातल्या घातल्या दाणे ओले असतात तेव्हा आवाज येत नाही, घट्ट, चिखलासारखे सरकतात. मग हळूहळू सुटे होतात आणि एका क्षणी तो आवाज येतो. वाळूचा. तो आला की पुढचा चमचा. मी घड्याळ लावलं होतं, आता बंद केलंय.

---

गोदाकाठ
७ जानेवारी, सकाळी ९:१५

आली हो पोरगी वळणावर.

---

तर्कटराव
७ जानेवारी, सकाळी ११:४०

एकवीस चमचे पाक, पहाटेची झोप, दोन तास एसी आणि इंडक्शनचं बिल. हिशोब मांडा कोणीतरी.

अवांतर: माझी आई चिक्की घरी करायची. साधा गूळ आणला तर वडी मऊ पडायची, चिक्कीचाच गूळ लागतो. पाक झाला की नाही ते पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघायचं, गोळी उचलून ताटलीत टाकली की टण् वाजली पाहिजे. ते टण् ऐकायला आम्ही तिघं भावंडं ओट्याशी उभी असायचो, आणि वाजो न वाजो, ती गोळी ज्याची पाळी असेल त्याला. एकदा माझ्या पाळीला चार वेळा वाजलीच नाही, म्हणजे चार गोळ्या मला. आईनं मुद्दाम गॅस बारीक ठेवला होता असा माझ्या बहिणीचा आजही आरोप आहे.

---

सांजवात
७ जानेवारी, दुपारी १२:१०

तर्कटराव, पकडले गेलात :D

कैरी, दागिन्यांचं काय करणार आहेस? बाळाला मुकुट, बासरी, बाजूबंद, कंठी एवढं तरी लागतं. ग्लू गन वापरू नकोस प्लीज, बाळ सगळं तोंडात घालतं. आमच्याकडे जुनी पद्धत अशी की पांढऱ्या दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा धरायचा, गाठ आवळायची, लगेच शेजारी पुढचा फास. भोक वगैरे पाडायचं नाही, फुटतो. आणि इथेच काट्याचं काम, गुळगुळीत दाण्यावरून दोरा घसरतो, काटेरी दाण्यात दोरा काट्यांच्या मधे बसतो. लोकांना वाटतं काटा शोभेला असतो.

बाळाला दागिने घालून फोटो झाले की लगेच काढायचे, सुटा दाणा घशात अडकायची भीती असते. खाली काळं झबलं असेल तर हलवा उठून दिसतो.

---

कैरीपन्हं
८ जानेवारी, सकाळी ७:२०

आज तिसरा दिवस. काटा नाही. रडू आलंय खरंच. साबुदाणा छान गोल गरगरीत मोती झालाय पण एकदम गुळगुळीत. आई म्हणते तुझा पाक जास्त होतोय, नवरा म्हणतो एसी १८ वर घे, आणि वहीतली आजी गप्प.

---

निवृत्त_केमिस्ट
८ जानेवारी, सकाळी ८:०२

चमचा कुठला आहे? चहाचा की पोह्याचा?

---

कैरीपन्हं
८ जानेवारी, सकाळी ८:०६

...पोह्याचा.

---

चहाबाज
८ जानेवारी, सकाळी ८:०७

=)) =)) =))

---

गोदाकाठ
८ जानेवारी, सकाळी ९:३०

हसू नका रे. काही बिघडलेलं नाही, पाया झाला असं समज. आता चहाचा चमचा, तोही अर्धा. दाणे मोठे झालेत तर दोन पराती कर, गर्दी झाली की लोळत नाहीत. आणि आच अजून एक पायरी खाली.

---

कैरीपन्हं
१० जानेवारी, सकाळी ७:४५

आला!!!!!!!

काटा आला. पाचव्या दिवशी. अर्धा चमचा पाक, दोन पराती, साधारण सव्वा सहाला, बाहेर दूधवाला बेल वाजवत होता आणि मी उठले नाही. आधी नुसतं बोटांना कळलं, खरखरीत लागायला लागलं, मग खिडकीशी नेऊन उजेडात बघितलं तर दाण्याला चारी बाजूंनी बारीक बारीक टोकं. साबुदाण्याला छान, तिळाला निम्म्याच दाण्यांना. थोड्या भागात केशराचं पाणी घातलंय, पिवळा केलाय.

आता ऐका मुख्य बातमी. मी आनंदात आत्याला व्हिडिओ कॉल केला, ती सांगलीला असते, सत्तरीची आहे. तिला म्हणलं आजीनं वहीत 'कोणाशी बोलू नये' लिहिलंय ते का गं, काही सोवळं वगैरे असायचं का? तर ती एवढी हसली की फोन पडला तिचा. म्हणे, 'अगं ते माझ्यासाठी लिहिलंय! माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला उतरवून घ्यायला म्हणून ती वही लिहिली. मी बडबडी, मैत्रीण आली की गप्पा मारत बसायची, दोन वर्षं लागोपाठ परात करपवली होती. तिला माहीत होतं बाकीचं मला येतं, फक्त तेवढंच येत नाही.'

म्हणून कृती एवढीशी आहे! जे आत्याला आधीच येत होतं ते आजीनं लिहिलंच नाही. आणि गूळपोळी आत्याला अजिबात यायची नाही म्हणून दीड पान.

आत्यानं मग वही नेली का नाही विचारलं तर म्हणाली, 'उतरवून कुठली घेतेय, गप्पा मारत बसले.'

---

सांजवात
१० जानेवारी, सकाळी ८:३०

टडोपा (टचकन डोळ्यात पाणी) आणि हसू एकदम. ऑफिसच्या ट्रेनमध्ये वाचतेय, बाजूची बाई बघतेय माझ्याकडे.

---

बर्फातला_पुणेकर
१० जानेवारी, रात्री ९:४०

आमच्या आईची वही आता नीट वाचायला घेतो. तिच्यात बासुंदीखाली 'मोबाईल लांब ठेवणे' लिहिलंय, मला वाटायचं हायजिनसाठी.

---

कैरीपन्हं
बोरन्हाणाच्या दिवशी, रात्री ११:०५

थोडक्यात लिहिते, पाठ मोडलीय. मुकुट, कंठी आणि दोन बाजूबंद झाले, बासरी जमली नाही, पुठ्ठ्याच्या नळीला सोनेरी कागद लावून दोन ओळी हलव्याच्या गुंडाळल्या. काळ्या झबल्यावर जे दिसलंय! भाच्यानं मुकुट साडेचार सेकंद ठेवला. मग बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, बत्तासे आणि हलवा असं डोक्यावरून ओतलं, सोसायटीतली पोरं तुटून पडली. एक पोरगी हलवा बाजूला टाकून फक्त चॉकलेटं वेचत होती, तिला मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आत्या सांगलीहून आली होती. तिनं एक दाणा बोटात धरून चष्मा वर करून बराच वेळ बघितला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. म्हणाली, 'काटा बरा आहे, तिळाला कमी पडलाय.' आणि मग संध्याकाळपर्यंत बोलतच होती.

जुळे-तिळे दाणे आणि उरलेली वाटीभर पिठी आहे, तिचं काय करू?

---

चहाबाज
दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५८

चहात. विचारायचं काय त्यात. अभिनंदन गं! वहीत तुझं काही लिहिलंस की नाही?

---

कैरीपन्हं
दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:२०

लिहिलं. 'पाक बेताचा'च्या पुढे 'चहाचा अर्धा चमचा, पोह्याचा नव्हे' आणि खाली 'एसी २४, ड्राय मोड'. आजीच्या अक्षराशेजारी फार विचित्र दिसतंय.

---

तर्कटराव
दुसऱ्या दिवशी, दुपारी १:१५

अभिनंदन. दोन वाट्या साखरेला किती तीळ म्हणालात? असंच विचारतोय.

---

नवा_सदस्य_२२
तिसऱ्या दिवशी, रात्री ८:४४

छान माहिती. मी धागा पूर्ण वाचलेला नाही. हाच हलवा शुगर-फ्रीमध्ये मायक्रोवेव्हला दहा मिनिटांत होईल का?

---

गोदाकाठ
तिसऱ्या दिवशी, रात्री ८:५०

नाही.